भोपळ्याला हात घालण्याआधी

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला भोपळ्याच्या रोपांचा फोटो पाहिला. पानांची चाळण केली आहे ती लाल भुंगेऱ्यांनी. रोप दोन-चार पानांचं असतानाच त्यांची भीती. वेल पसरला की तो निभावून नेतो. भल्या सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाक. बुंध्याजवळची माती अधूनमधून हलकेच उकरत जा. अंडी तिथेच असतात आणि अळ्या मुळं खातात.

खरी धास्ती फळमाशीची. ती कोवळ्या फळाला टोचून सालीखाली अंडी घालते. मग अळ्या आत गर खात बसतात, फळ वाकडं होतं, पिवळं पडून गळतं. अळी आत शिरल्यावर वरून काय मारणार? दुकानदार बाटली पुढे करील, घेऊ नकोस. किडकं फळ बांधावर भिरकावण्याची आपल्याकडे खोड आहे. त्यातल्या अळ्या मातीत कोष करतात आणि आठवड्या-दीड आठवड्यात नव्या माश्या उडतात. तेव्हा असली फळं रोज वेच आणि हातभर खोल पूर. क्यू-ल्यूर या आमिषाचा सापळा लाव, पण त्यात फक्त नर अडकतात, म्हणून वेचणी चुकवू नकोस. फळ धरलं की वर्तमानपत्राची पिशवी बांधलीस तर उत्तमच.

फवारायचाच तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी. फुलं पहाटे उमलतात नि दुपारच्या आत मिटतात. मधमाश्यांना तेवढाच वेळ मिळतो. सुरुवातीची फुलं गळतात ती नर असतात, वहिनीला त्यांची खुशाल भजी करू दे. भुरी दिसली तर खालची पानं काढ. भर उन्हात गंधक नको, वेल करपतो.

पितृपक्षात भाव चढतो, तेव्हा दादा तोडायची घाई करील. चार-दोन कोवळे विकू दे, भाजीला चालतात. पण ते टिकत नाहीत आणि घारग्यांना तर अगदीच पाणचट. बाकीचे राहू देत. आकारावर जाऊ नकोस: सालीत नख रुतत नाही, देठ वाळून खरखरीत झालाय, जवळचा तणावाही सुकलाय, असं दिसलं की तोड. तीन-चार बोटं देठ ठेवून काप आणि देठाला धरून उचलू नकोस. तो निखळला की तिथूनच कूज लागते. आठ-दहा दिवस हवेशीर कोरड्या जागी ठेवून मग माळ्यावर गवतात, एकमेकांना न टेकवता मांड. देठ मोडलेले आधी संपवा.

तुझी,
आत्या