नेमणूकपत्रातील आजारपणाचे कलम : सही करण्यापूर्वी वाचा



उसाची गाडी काट्यावरून उतरली की आपण वजनाची पावती दोनदा वाचतो. फरक वाटला तर तिथल्या तिथे विचारतो. पण घरचे पोर रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले, की नेमणूकपत्रातला पगाराचा आकडा तेवढा पाहून सही होते. "आजारी पडलो तर पगाराचे काय?" हे कलम तसेच राहून जाते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत अशी पत्रे आता घरोघर येतात. म्हणून या खेपेच्या अभ्यासाला आम्ही हाच विषय घेतला आहे.

१. भरपगारी रजा आणि आजारपणाची रजा एक नव्हे. 1948 च्या कारखाने अधिनियमात वर्षाला 240 दिवस काम भरल्यावर दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 240 च्या जागी 180 दिवस आले. पण ही वार्षिक रजा आहे. आजारपणाची वेगळी रजा किती, ते पत्रात लिहिलेले असले पाहिजे. "कंपनीच्या नियमाप्रमाणे" एवढेच लिहिले असेल, तर तो नियम दाखवा असे सांगावे. विचारण्यात कमीपणा नाही.

२. कामगार विमा लागू आहे काय? ज्याला आपण ई. एस. आय. म्हणतो ती ही योजना. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणारे कामगार तिच्यात येतात, ठेकेदारामार्फत लागलेलेसुद्धा. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. 18,000 पगार असेल तर कामगाराचे 135 आणि मालकाचे 585 रुपये. कपात पगारपत्रकात दिसते का, आणि विमा क्रमांक हातात आला का, हे पहिल्याच महिन्यात पाहावे. पगार मर्यादेच्या वर असेल तर विमा नाही. मग पत्रात काय लिहिले आहे त्यावरच सगळे.

३. विम्यातून किती मिळते? सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी अंशदानाच्या सहामाहीत 78 दिवसांचे अंशदान भरलेले लागते. आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत. रोज 600 रुपये पडत असेल आणि पोरगा 10 दिवस झोपून राहिला, तर 8 दिवसांचे 420 प्रमाणे 3,360 रुपये होतात. क्षयासारख्या लांबलेल्या ठराविक आजारांत याहून अधिक दराने आणि अधिक काळ मदत मिळते.

४. पहिले नऊ महिने. खरी मेख इथे आहे. औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो, पण आजारपणाचे रोख पैसे नवीन माणसाला नऊ महिन्यांनंतर सुरू होतात. समजा, पोरगा 1 जूनला लागला आणि दिवाळीच्या सुमारास काविळीने तीन आठवडे पडला. दवाखाना मिळेल, रोख रक्कम नाही. ती 1 मार्चपासून. तोपर्यंत पत्रात आजारपणाची पगारी रजा नसेल, तर ते तीन आठवडे बिनपगारी. त्याच पगारावर घराने मोटारसायकलचा हप्ता नाहीतर बहिणीची फी धरलेली असते. म्हणून प्रोबेशनच्या काळात आजारपणाची रजा आहे की नाही, हे सहीच्या आधीच विचारावे.

५. कळवणे आणि दाखला. न कळवता अमुक दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी सोडली असे समजू, असे कलम अनेक पत्रांत असते. किती दिवस, कोणाला आणि कसे कळवायचे, ते पाहून ठेवावे. नुसता फोन पुरत नाही. लेखी कळवून त्याची नक्कल घरी ठेवावी. विम्याच्या पैशासाठी विमा दवाखान्याच्या डॉक्टरचा दाखला लागतो. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालेलच असे धरू नये.

६. साखर कारखान्याचे काय? साखर कारखाना हा हंगामी कारखाना. 1948 च्या विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते वगळलेलेच आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या कामगाराच्या रजेचा प्रश्न त्रिपक्षीय करार आणि सेवानियम यांवर ठरतो. एक भाऊ कारखान्यात आणि दुसरा कंपनीत असेल, तर एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

घरी करावयाचा अभ्यास : आज रात्री जेवण झाल्यावर पोराचे नाहीतर पोरीचे नेमणूकपत्र काढा आणि चार उत्तरे कागदावर लिहा. आजारपणाची पगारी रजा किती दिवस? ती कोणत्या तारखेपासून? विमा क्रमांक काय? आजारी पडल्यास कोणाला कळवायचे? एकाही प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर उद्या कामावर जाताना तोच प्रश्न लेखी विचारायला सांगा.