पंगतीत राजकारण निघालं तर: आत्याचे कानमंत्र

भाच्यांनो, तुम्ही आता मतदार झालात, आणि दिवाळीच्या फराळाला बसलं की तुमचेही आवाज चढायला लागलेत. चढू देत. गप्प बसणारी पोरं मला कधी आवडली नाहीत. पण आरक्षण, धर्म, पक्ष, लग्न यांतलं काही निघालं की घरातली माणसं वर्षवर्ष अबोला धरतात. तसं होऊ नये म्हणून एवढं कानात घालून ठेवा.

१. ज्या विषयावर ठाम बोलायचं, त्यातल्या दोन तारखा आणि एक आकडा आधी पक्का करा — माहिती असली की ओरडावं लागत नाही. आरक्षणावर तावातावाने बोलणाऱ्या कितीतरी जणांना पन्नास टक्क्यांची मर्यादा इंद्रा साहनी खटल्यातल्या १९९२ च्या निकालाने घातली हे ठाऊक नसतं. आर्थिक दुर्बलांचं दहा टक्के आरक्षण २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलं, हेही नसतं. आधी वाच, मग नाच.

२. वाचताच रक्त उसळलं असा मजकूर लगेच पुढे पाठवू नका, रात्रभर राहू द्या — सकाळी त्यातला अर्धा खोटा निघतो. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर तो मजकूर कितीतरी हातांतून फिरून आलाय असं समजा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून जिवे मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. त्याआधी कितीतरी दिवस मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फोनवरून फिरत होत्या, आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असणार की आपण लोकांना सावधच करतोय. पोरांनो, त्या पाच घरांचा विचार करा आणि मग बोट पुढे न्या.

३. वडीलधाऱ्यांचं मत चुकीचं वाटलं तर पंगतीत खोडू नका, नंतर ओसरीवर किंवा गॅलरीत एकटे असताना बोला — चारचौघांत हरलेला माणूस मत बदलत नाही, आवाज वाढवतो.

४. पण कुणाची जात, धर्म किंवा रंग काढून थट्टा झाली तर तिथल्या तिथे बोला, भले बोलणारे तुमचे सख्खे काका असोत — तुम्ही हसलात की ज्याच्यावर विनोद झाला त्याला तुमची बाजू कळते. “काका, हे बरं नाही” एवढं पुरतं.

५. जातीभेदाविरुद्ध काही लिहिण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात एकदा बघून या. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींसाठी ओट्याखाली कोपऱ्यात वेगळा कप ठेवलेला असेल, बहुधा कान तुटलेला, तर तो आधी काढा आणि त्यांना आपल्याच कपातून चहा द्या — लिहिलेलं त्या वाचणार नाहीत, कप मात्र रोज बघतात. घरातलं कुणी कुरकुरलं तर माझं नाव सांगा.

६. मतभेद झाला म्हणून माणूस टाकू नका. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर होते. पुढे आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा यावरून इतकं बिनसलं, की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ ला ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात वयाची अट दहावरून बारा करायची होती. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये असं टिळकांचं म्हणणं होतं, आगरकर कायद्याच्या बाजूने होते. माझ्या मते आगरकर बरोबर होते. दहा-अकरा वर्षांच्या पोरींना स्वराज्यापर्यंत थांबायला सांगता येत नव्हतं. सनातन्यांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. तरीही १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त त्यांच्यावर लिहिलं ते टिळकांनीच — इतक्या कडाडून भांडूनही मैत्रीचा धागा त्यांनी पुरता तोडला नव्हता. ताट एक, मतं चार, तेच खरं घरदार.

७. “एका नावासाठी एवढं कशाला?” असं कधी म्हणू नका — ज्याचं नाव पुसलेलं असतं त्यालाच नावाची किंमत कळते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला, त्यापायी दलितांची घरं जळली, माणसं मेली, आणि बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. असे विषय निघाले की ज्याने सोसलं त्याला आधी बोलू द्या.

८. जे मत पटत नाही, तेही मांडू द्या. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात संततिनियमनावर आणि लैंगिक प्रश्नांवर उघड लिहीत, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, पण मागे हटले नाहीत — आज संततिनियमनाचे फलक सरकारी दवाखान्यात लागतात.

९. आंतरजातीय लग्नावर भाषण करण्यापेक्षा मैत्रिणीच्या लग्नाला सही करायला जा — १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, आणि बिचाऱ्यांना ते तीनच मिळत नाहीत. आधार कार्ड न्यायला विसरू नका.

१०. नोकरी राज्य सरकारची असेल तर १९७९ चे वर्तणूक नियम वाचून ठेवा — राजकीय चळवळीत भाग घेण्यावर तिथे बंधनं आहेत, आणि नोटीस आल्यावर नियम वाचणं महागात पडतं. ग्रुपचे ॲडमिन असाल तर उगाच घाबरूही नका. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. पण घाण दिसली की काढून टाका, घर आपलंच आहे.

११. मत बदललं तर ज्याच्याशी वाद घातला होता त्याला फोन करून सांगा — तुमचं पुढचं बोलणं तो नीट ऐकेल.

१२. कुणाला मत दिलं हे नवऱ्याला, बायकोला, आईबापाला, साहेबाला, कुणालाही सांगायची सक्ती नाही — मतदान गुप्त आहे. मात्र यादीत नाव हवं. आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात ती धरून सहा नंबरचा फॉर्म भरता येतो, सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊही. धाकटीचं राहिलंय, या रविवारी तिला बसवून भरून घ्या.