हृदयविभागातली दरी बुजवण्याची कृती

अमेरिकेत १९९९ साली ७२० डॉक्टरांना छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या ध्वनिचित्रित मुलाखती दाखवल्या. रुग्ण म्हणून कलाकारच होते. सगळ्यांची तक्रार तीच, पण कृष्णवर्णीय स्त्रियांना अँजिओग्राफीचा सल्ला गोऱ्या पुरुषांपेक्षा कमी मिळाला. बॉस्टनच्या ब्रिघम अँड विमेन्स रुग्णालयाने २०१९ मध्ये स्वतःचीच नोंद तपासली. हार्ट फेल्युअरचे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्ण कार्डिऑलॉजीऐवजी जनरल मेडिसिन विभागात अधिक जात होते. निव्वळ सद्भावनेने हे बदलत नाही. त्याला शिस्तशीर पद्धत लागते.

१. रुग्णालाच विचारा. वंश आणि भाषा नोंदवताना चेहऱ्यावरून किंवा आडनावावरून अंदाज बांधू नका. 'सर्वांना सारखे उपचार मिळतात का, हे पाहण्यासाठी विचारतोय,' असे आधी सांगा. 'आशियाई' हा एकच रकाना पुरत नाही. २०१८ च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेने दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक मानला आहे. त्यात तिथले मराठी लोकही आले.

२. गटवार मोजा. ईसीजी १० मिनिटांत झाला का? झटक्याच्या रुग्णाची बंद रक्तवाहिनी ९० मिनिटांत उघडली का? डिस्चार्जच्या वेळी योग्य औषधे लिहून दिली का? रुग्णाला लागू असलेले सगळे उपचार मिळाले, तरच 'हो' लिहा. एक जरी राहिला, तरी 'नाही'. संपूर्ण रुग्णालयाची सरासरी चांगली असली, तरी तिच्याआड एखाद्या गटाची आबाळ झाकलेली असू शकते.

३. कारण शोधा. उशीर नेमका कुठे झाला: नोंदणीला, दुभाषा येईपर्यंत की वॉर्ड ठरवताना? रुग्णाच्या प्रवासाचा टप्पा न् टप्पा तपासा.

४. योग्य उपचार आपोआप घडतील असे करा. ऑर्डरचा ठरलेला नमुना ठेवा. कार्डिॲक रिहॅबची चिठ्ठी डॉक्टरांच्या आठवणीवर सोडू नका. ती प्रत्येक पात्र रुग्णाला मिळालीच पाहिजे.

५. प्रशिक्षित दुभाषा द्या. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर ही जबाबदारी येते. घरच्या मुलांना भाषांतराला उभे करू नका. औषध कसे घ्यायचे, ते रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्या.

६. यंत्रे आणि सूत्रेही तपासा. पल्स ऑक्सिमीटर काळ्या त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० च्या अभ्यासात दिसले. शंका वाटल्यास धमनीतल्या रक्ताची तपासणी करा. वंशानुसार गुण देणारी धोक्याची सूत्रे डोळे मिटून वापरू नका.

७. घरी गेल्यावरही सोबत राहा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला पुढच्या भेटीची तारीख डिस्चार्जपूर्वीच द्या. औषधांचा खर्च आणि येण्याजाण्याची सोय विचारा.

८. आकडे दर महिन्याला वरिष्ठांपुढे मांडा. दरी दिसली की जबाबदार व्यक्ती आणि मुदत ठरवा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा.

आठही पायऱ्या एकदम जमत नसतील, तर पहिल्या दोन उद्याच सुरू करा. मोजल्याशिवाय कुणावर अन्याय होतोय ते कळणार नाही, आणि कळल्यावर गप्प बसण्याचा हक्क कोणत्याही रुग्णालयाला नाही.