गाणी ओळखीची, माणूस नवा : शाहीर साबळे यांची निवडक गाणी ऐकताना



आपल्या किनाऱ्यावर, म्हणजे उरण-अलिबागपासून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत, हळदीची रात्र कोळीगीतांशिवाय पार पडत नाही. बेंजो सुरू झाला की लहान पोरंसुद्धा मांडवात उतरतात. दुसऱ्या दिवशी शाळेत परिपाठाला राज्यगीत होतं. आषाढीच्या आसपास कुठेतरी भारूड कानावर पडतं. गावात एखाद्या घरी जागरण असलं तर खंडोबाची गाणी ऐकू येतात.

ही सगळी गाणी तुम्हाला येतात. आता एक प्रश्न. 'या गो दांड्यावरनं' हे कोळीगीत, 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत, 'विंचू चावला' हे भारूड आणि 'मल्हारवारी' हे खंडोबाचं गाणं, या चौघांत समान काय आहे?

चारही गाणी महाराष्ट्रभर गाजली ती एकाच आवाजात. तो आवाज शाहीर साबळे यांचा. गाणी आपल्याला पाठ असतात, पण गाणाऱ्याचं नाव विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणूनच आजचा पाठ. त्यांच्या निवडक गाण्यांचा एखादा संग्रह सलग कसा ऐकायचा आणि त्यातून एका माणसापर्यंत कसं पोहोचायचं, ते आपण पाहू.

निवडक गाण्यांचा संग्रह म्हणजे काय?

एखाद्या कलावंताने तीस-चाळीस वर्षांत वेगवेगळ्या वेळी ध्वनिमुद्रित केलेली गाणी निवडून एकत्र केली की संग्रह तयार होतो. पूर्वी तो मोठ्या तबकडीवर मिळे, मग कॅसेटवर, नंतर सीडीवर. आज मोबाईलवर गाण्यांची यादी म्हणून मिळतो. जगभर अनेक मोठे गायक नव्या पिढीला अशाच संग्रहांतून भेटले आहेत. अमेरिकेचे बॉब डिलन यांचंच उदाहरण घ्या. लोकगीतांच्या वळणाची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्या या माणसाने १९६५ मध्ये इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि 'फोक-रॉक' या प्रकाराला बळ मिळालं. १९६७ मध्ये त्यांच्या निवडक गाण्यांचा पहिला संग्रह निघाला. २०१६ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. नंतरच्या काळात त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात अशा संग्रहापासूनच झाली.

संग्रहाचा फायदा असा, की जी गाणी आपण वेगवेगळ्या जागी ऐकली ती शेजारी शेजारी येतात. लग्नातलं गाणं, शाळेतलं गाणं, देवाचं गाणं यांच्यामधल्या भिंती पडतात. मग लक्षात येतं, अरे, हा तर तोच आवाज!

कोण होते शाहीर साबळे?

त्यांचं पूर्ण नाव कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म ३ सप्टेंबर १९२३, सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या पसरणी गावी. म्हणजे माणूस घाटावरचा, समुद्राकाठचा नव्हे. लहानपणी ते शिक्षणासाठी आजोळी अमळनेरला होते. तिथे त्यांना साने गुरुजी भेटले. 'श्यामची आई' लिहिणारे, पालगडचे, आपल्या कोकणातलेच साने गुरुजी. शाळेचं शिक्षण पुढे फार झालं नाही, पण गाणं समाजाच्या कामी यावं ही शिकवण तिथे मिळाली ती कायमची. १९४२ च्या चळवळीत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ वाजत राहिला.

पुढे त्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' हा कार्यक्रम उभा केला. कोळीनृत्य, गोंधळ, जागरण, भारूड, लावणी असे प्रकार त्यांनी एकाच मंचावर आणले. अभिनेते भरत जाधव यांची सुरुवात याच लोकधारेतून झाली. शाहिरांना १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचे नातू केदार शिंदे यांनी २०२३ मध्ये 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट काढला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

चार गाणी, चार जागा

आता ऐकूया. एकेक गाणं दोनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा वही घेऊन.

१) कोळीगीत, 'या गो दांड्यावरनं'. दांडा म्हणजे समुद्राकाठची वाळूची लांबट पट्टी. रेवदंडा, खारदांडा, केळवे-दांडा या गावांच्या नावांत तो शब्द तुम्हाला सापडेल. 'गो' हे आपल्याकडे बाईला हाक मारण्याचं रूप, घाटावर त्याच जागी 'गं' येतं. गाण्यात नवरदेव येताना दिसतोय आणि तो कुणाचा, अशी विचारणा चालली आहे. ठेका असा, की पाय आपोआप हलतात. घाटावरच्या माणसाने कोळ्यांची बोली किती प्रेमाने उच्चारली आहे, ते मुद्दाम ऐका. तुमच्या आजीच्या बोलण्याशी ताडून पाहा. कुठे जुळतं, कुठे वेगळं पडतं?

२) खंडोबाचं गाणं, 'मल्हारवारी'. इथे 'वारी' म्हणजे पंढरीची वारी नव्हे. खंडोबाच्या नावाने दारोदार मागितलेली भिक्षा म्हणजे वारी. वाघ्या-मुरळीच्या जागरणात दिमडी आणि तुणतुणं वाजतं, ते कान देऊन शोधा. २००४ च्या 'अगं बाई अरेच्चा!' या चित्रपटामुळे हे गाणं नव्या पिढीच्या ओठांवर आलं. म्हणून अनेकांना ते त्या सिनेमाचंच वाटतं.

३) भारूड, 'विंचू चावला'. रचना संत एकनाथांची, म्हणजे सोळाव्या शतकातली. वरवर पाहिलं तर विंचू चावलेल्या माणसाची आरडाओरड, लोक हसतात. पण विंचू आहे काम-क्रोधाचा आणि उतारा आहे सत्त्वगुणाचा. शाहीर वेदनेचा ओरडा असा काही काढतात, की आधी हसू येतं आणि मग अर्थ लागतो. भारुडाचं कामच ते. आधी हसवायचं, मग विचार करायला लावायचं.

४) राज्यगीत, 'जय जय महाराष्ट्र माझा'. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. १९ फेब्रुवारी २०२३ पासून हे महाराष्ट्राचं राज्यगीत आहे. हा आवाज खडा, पहाडी. मैदानात, ध्वनिक्षेपक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय असलेला. आधीच्या तीन गाण्यांनंतर हे ऐका. राज्यगीत म्हणून आपण सावधान उभं राहून ऐकतो, तेव्हा गाणाऱ्याकडे लक्षच जात नाही. इथे मात्र कळतं, की हळदीत नाचवणारा आणि छाती फुगवायला लावणारा गळा एकच आहे.

चारही गाण्यांत मागून साथ देणाऱ्यांकडे लक्ष द्या. शाहिराच्या मागे सूर धरणाऱ्यांना झीलकरी म्हणतात. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. त्यामुळे गाणं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. आपण मांडवात कोरसमध्ये ओरडतो ना, तेही झील धरणंच!

रात्रभराचं गाणं तीन मिनिटांत कसं बसलं?

जागरण रात्रभर चालतं. भारूड रंगलं तर एकेक तासभर चालतं. मग ध्वनिमुद्रिकेवरचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांचंच का?

कारण तांत्रिक आहे. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरायची. तिच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. लोकगायकाला तेवढ्यात सगळं बसवावं लागे. मधली बोलणी, हास्यविनोद, प्रेक्षकांशी चाललेला संवाद गळून पडे आणि मुखडा, दोन-तीन कडवी तेवढी उरत. पुढे मोठी तबकडी आली, तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं मिळू लागली. पण तोपर्यंत 'गाणं म्हणजे तीन-चार मिनिटं' ही सवय कानाला लागली होती, ती आजही आहे.

म्हणजे संग्रहात आपण ऐकतो तो लोककलेचा अर्क. मूळ मेजवानी मोठी होती, हे विसरायचं नाही.

संग्रहात काय नसतं?

हा या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. शाहीर साबळे यांचं मोठं काम मुक्तनाट्याचं होतं. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' ही त्यांची गाजलेली मुक्तनाट्यं. 'आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय' ही म्हण तुम्हाला माहीत आहे. राबतो एक, फायदा उपटतो दुसराच. मुंबईत मराठी माणसाची होणारी उपेक्षा त्यांनी या नावाखाली मांडली. नाटक दोन-तीन तासांचं, ते गाण्यांच्या यादीत कसं मावणार? त्यामुळे नुसता संग्रह ऐकणाऱ्याला गायक साबळे भेटतात. लोकांना हसवत हसवत जाब विचारणारे साबळे मात्र भेटत नाहीत.

दुसरी गोष्ट श्रेयाची. मोबाईलवर गाण्याखाली बहुतेक वेळा एकच नाव दिसतं, गायकाचं. पण शाहिरांच्या पत्नी भानुमती साबळे यांनी त्यांच्यासाठी गीतं लिहिली, हे किती जणांना माहीत असतं? त्यांचे पुत्र देवदत्त साबळे यांनी 'ही चाल तुरुतुरु' या शांता शेळके यांच्या गीताला चाल दिली. ते गाणं जयवंत कुलकर्णी यांनी गायलं. तीन माणसांचं काम, आणि आपल्या ओठांवर फक्त गाणं! म्हणून सवय लावून घ्या. गाणं आवडलं की तीन नावं शोधायची. शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा. पारंपरिक असेल तर चौथा प्रश्न, कोणत्या समाजाचं?

आता आपल्या गावाकडे वळूया

शाहिरांची गाणी टिकली, कारण ती ध्वनिमुद्रित झाली आणि जपली गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक आवाजाच्या वाट्याला ते आलेलं नाही.

आगरी-कोळी लग्नांत धवले गाणारी बाई असते, तिला आपण धवलारीण म्हणतो. मांडव, देवक, हळद अशा विधींच्या वेळी ती गाते आणि तिच्या गाण्यावर लग्न पुढे सरकतं. कुठल्या विधीला कोणतं गाणं, त्यात कोणत्या देवाचं नाव आधी, हे सगळं तिला तोंडपाठ. तिच्याकडे वही नाही. सासूकडून, आईकडून ऐकून ती शिकली. आता अनेक मांडवांत बेंजोच्या आणि डीजेच्या आवाजात तिचा आवाज ऐकूच येत नाही. कोळीगीत वाजतंय म्हणून आपली परंपरा जिवंत आहे, असं आपण समजतो. पण मोठ्या आवाजात वाजणारं गाणं वाचलं आणि शेजारी बसून हळू आवाजात गाणारी बाई हरवली, तर अर्धीच परंपरा उरेल.

ज्या धवलारणीने पन्नास लग्नं लावली, तिच्या गाण्यांचा संग्रह मुंबईहून कुणी येऊन करणार नाही. तो तुम्हीच करायचा आहे, आणि त्यासाठी लागणारा मोबाईल तुमच्या घरात आहे.

स्वाध्याय

१) वरील चार गाण्यांसाठी तक्ता करा : गाणं कुठे गातात, कुणाला उद्देशून आहे, कोणती वाद्यं ऐकू आली, झीलकरी काय करतात.

२) 'दांडा', 'वारी', 'झील', 'दिमडी', 'धवला' या शब्दांचे अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.

३) भारुडातला विंचू कशाचं प्रतीक आहे? आजच्या काळातला असा एखादा 'विंचू' सांगा. पाच-सहा वाक्यांत लिहा.

४) तुमच्या आवडीचं कोणतंही एक गाणं घ्या. गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं शोधा.

५) उपक्रम : गावातली धवलारीण, भजनी बुवा किंवा जुनी गाणी येणारी आजी यांच्याकडे मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा. आधी परवानगी विचारा. एक गाणं ध्वनिमुद्रित करा. गाणं कुणाकडून शिकल्या, ते कधी गातात, शेवटचं कुणाच्या लग्नात गायलं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ध्वनिमुद्रण परत जाऊन त्यांना ऐकवा. चूक असेल तर त्या सांगतील, आणि बहुधा त्या एका गाण्यावरून दुसरं गाणं आठवेल. तेही टिपून घ्या.

सगळ्यांची ध्वनिमुद्रणं आपण वर्गात एकत्र करू. प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं नाव, तिची परवानगी असेल तर, ठळक अक्षरांत लिहू.