हिशेब येतो, लिहिता येत नाही

साताऱ्याकडच्या आमच्या गावात मी बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेते. सरकारी कागदावर मी ‘स्वयंसेवक’, म्हणजे मानधन नाही. वर्गात मात्र ‘बाई’. नव भारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी आहे, पण माझ्याकडे येतात त्या बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या. नव्याने वर्ग धरणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

१. हिशेब शिकवायला जाऊ नका, तो मांडायला शिकवा.
बाजारात मेथीच्या जुड्या विकणारी बाई सव्वा, दीड, अडीच तोंडी करते. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. तिच्यापुढे ‘एक आंबा अधिक दोन आंबे’ असं चित्र धरलं, तर दुसऱ्या दिवशी ती येत नाही. का यावं तिनं? अडतं ते आकडा कागदावर उतरवताना. एकवीस म्हणताना तोंडात आधी एक येतो, म्हणून पाटीवर १२ उमटतात. एकोणतीसला तर कहरच: तोंडात तीस आणि लिहायचे दोन! अशा वेळी मी दहाच्या नोटा आणि सुटे रुपये मांडते. दोन नोटा डावीकडे, एक रुपया उजवीकडे, मग त्याच जागी खाली आकडे. पैशात कुणी चुकत नाही.
आकडे दोन्ही शिकवा. पाटीवर मराठी, मोबाइलवर इंग्रजी. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांची चेहरेपट्टी जवळपास सारखी, त्यामुळे पुण्याच्या लेकीला लावलेला फोन भलत्याच माणसाला लागतो.

२. आधी चष्मा, मग पाटी.
“माझं डोकंच चालत नाही, बाई,” असं एखाद्या आक्का म्हणाल्या, की मी त्यांना सुईत दोरा ओवायला सांगते. ओवता येत नसेल तर दोष डोक्याचा नाही. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतंच. शेतात खुरपताना ते जाणवत नाही, ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी आले की जाणवतं.

३. सहीवर थांबू नका.
सही आली की घरात पेढे वाटतात आणि बाई वर्गाला यायची बंद होते. माझं मत जरा कडू आहे: नुसती सही अंगठ्यापेक्षा धोक्याची. अंगठा घेताना साक्षीदार शोधतात, निदान कुणीतरी “काकू, यात असं असं लिहिलंय” म्हणून सांगतं. सही केली की वाचूनच केली असं धरून चालतात. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून कुठे नाव घातलंय, हे ओळखता येईपर्यंत मी कुणाला सोडत नाही. आणि हो, बँकेत अंगठ्याची नोंद असेल तर आधी तिथे जाऊन सहीचा नमुना बदलून घ्यायचा. नाहीतर एवढी गिरवलेली सही खिडकीवरून परत येते.

४. सासू-सुनेला एका सतरंजीवर बसवू नका. कारण सांगायला नको.

५. सुगीत वर्ग भरवू नका.
सोयाबीन काढणीच्या दिवसांत हजेरी भरण्याचा हट्ट धरला, तर हजेरी खोटी भरते. पंधरवडाभर बंद ठेवा. परत येतात तेव्हा मागचं बरंच पुसलेलं असतं, पण दुसऱ्यांदा पटकन उजळतं.

६. वर्गानंतर काय वाचणार, ते आधी ठरवा.
आमच्याच जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं साक्षर झाली, समारंभ झाले, १९७२ साली युनेस्कोनेही दखल घेतली. पण शिकलेलं हाताशी वापरात राहिलं नाही, की अक्षर विसरतं. हल्लीची चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला पन्नास-पन्नास. बायका ठेवणीतली साडी नेसून पेपरला जातात, निकाल लागला की पुस्तक माळ्यावर. म्हणून मी पहिल्या महिन्यापासूनच बचत गटाचं पासबुक, एसटीची पाटी, खताची गोणी, औषधाची बाटली वर्गात आणते. मागे एका मावशींनी दुकानातच फवारणीच्या औषधावरची तारीख वाचली आणि बाटली परत सरकवली. दुकानदार म्हणाला, “मावशी, तारखेचं काय घेऊन बसलात!” त्यांनी बोट आकड्यावरच ठेवलं. मग त्यानं आतून दुसरी आणून दिली.