लिटल मॉर्टन हॉल : एका वांकड्या घराची शिकवण

घराच्या भिंती ओळंब्यांत असाव्या व जमीन पाणसळींत असावी, हा बांधकामाचा पहिला नियम होय. परंतु इंग्लंडांतील चेशायर परगण्यांत लिटल मॉर्टन हॉल नांवाचें एक घर आहे. त्याकडे पाहिलें असतां या नियमाचा बांधणारांस विसर पडला होता कीं काय, अशी शंका येते. त्याच्या भिंती झुकलेल्या आहेत, जमिनी खालवर झालेल्या आहेत. तरीही तें चारशें वर्षांहून अधिक काळ उभें आहे. तें वांकलें कां, आणि वांकूनही पडलें कां नाहीं, या दोन प्रश्नांचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

गांवच्या जमीनदाराच्या राहत्या घरास इंग्लंडांत मॅनर हाउस म्हणतात. विल्यम मॉर्टन या संपन्न जमीनदारानें या घराचा सर्वांत जुना भाग इ. स. १५०४ ते १५०८ च्या सुमारास बांधविला, व पुढील पिढ्यांनीं सुमारें १६१० पर्यंत त्यांत भर घातली. भोंवतीं सुमारें ३३ फूट रुंदीचा पाण्याचा खंदक, मध्यें फरसबंद चौक, आणि चौकाच्या तीन बाजूंस इमारती, अशी त्याची मांडणी आहे. आपल्याकडील चौकाचे वाडे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ती अगदींच परकी वाटणार नाहीं.

दगडी जोत्यावर ओक वृक्षाच्या लांकडाचा सांगाडा, हें या घराचें मुख्य अंग होय. अशा घरांत प्रथम खांब व तुळया उभारीत. मग मधल्या मोकळ्या चौकटी काठ्यांच्या कुडानें व मातीच्या गिलाव्यानें भरून काढीत. म्हणजे छपराचा भार भिंत वाहत नाहीं, सांगाडा वाहतो. आज हें घर काळ्यापांढऱ्या रंगांत दिसतें, पण ती एकोणिसाव्या शतकांतील आवड होय. मूळचें लांकूड न रंगवितां ठेवलेलें, काळानें रुपेरी झालेलें, व गिलावा पिवळसर असे.

चौकाकडे पुढें आलेल्या दोन मोठ्या खिडक्या १५५९ सालीं बसविल्या गेल्या. त्यांवर मालकाच्या नांवाबरोबर रिचर्ड डेल या सुताराचेंही नांव कोरलेलें आहे. त्या काळच्या बहुतेक घरांवर मालकाचें नांव राहिलें, घडविणाराचें पुसलें गेलें. येथें दोघेही एकाच ओळींत उभे आहेत, हें आम्हांस विशेष वाटतें.

आतां घर वांकलें कां, तें पाहूं. १५६० नंतर लवकरच दक्षिणेची बाजू बांधली जात असतां, तिच्या माथ्यावर ६८ फूट लांबीचें एक दालन चढविण्यांत आलें. पावसाच्या दिवसांत घरांतल्या घरांत फेऱ्या मारण्यासाठीं असें लांब दालन असणें, ही त्या वेळच्या श्रीमंतांची नवी हौस होती. तें मूळ आराखड्यांत नसून मागाहून सुचलें असावें, असें जाणत्यांचें मत आहे. त्याच्या दोन्ही अंगांस खिडक्यांची सलग रांग ठेविली, आणि छपरावर दगडाच्या जड फरश्या घातल्या. खालच्या सांगाड्यावर हा भार अनपेक्षित पडला. तुळया लवल्या व भिंती बाहेर झुकल्या.

मग तें पडलें कां नाहीं? याचें उत्तर सांध्यांत आहे. या पद्धतींत एका लांकडाचें टोंक दुसऱ्याच्या खांचेंत बसवून त्यांतून लांकडी खुंटी ठोकीत. ओक बहुधा ओला असतांनाच घडीत, त्यामुळें वाळतां वाळतां सांधे अधिकच आवळले जात. असा सांगाडा भारानें वांकतो, पण एकदम तुटत नाहीं. मालकाच्या हौसेचा भार सुतारांच्या हातांनीं सांवरला.

पुढें यादवी युद्धांत मॉर्टन घराण्यानें राजाचा पक्ष घेतला. १६४३ सालीं पार्लमेंटच्या पक्षानें हें घर ताब्यांत घेऊन तेथें शिपाई ठेविले. कर्जें वाढलीं आणि पुढें तेथें कुळें राहूं लागलीं. १९३८ सालीं तें नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलें. १९७७ सालीं छपरावरील दगड सैल झाल्याचें आढळून आल्यावर टप्प्याटप्प्यानें मोठी दुरुस्ती हातीं घ्यावी लागली.

त्या लांब दालनाच्या दोन टोंकांस गिलाव्याचीं दोन चित्रें आहेत : एकीकडे चक्र घेतलेलें दैव, दुसरीकडे गोल धारण केलेली नियति. पहिल्यावर अज्ञानाची सत्ता, दुसरीवर ज्ञानाची, असा त्यांचा अर्थ तेथेंच लिहिला आहे. हीं चित्रें रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाच्या १५५६ सालच्या ज्योतिषविषयक ग्रंथावरून घेतलेलीं आहेत. आपण रोज वहींत काढतों तें बरोबरीचें चिन्ह यानेंच १५५७ सालीं प्रचारांत आणिलें.

विद्यार्थिमित्रांनो, ज्ञानाचा महिमा सांगणारें चित्र ज्या दालनांत आहे, तेंच दालन पायाचें बळ न मोजतां उभारलें गेलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. वर मजला चढविण्यापूर्वीं खालच्या खांबांस विचारावें. आणि आपल्या वांट्याचा सांधा असा पक्का बसवावा, कीं इतरांच्या चुकीचा भारही त्यानें पेलावा.