दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला खटला : कोर्टापुढे कसे उभे राहावे?



पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे सर्वांना पाठ आहे. परंतु पाठ असणे आणि पाळणे यांत अंतर पडते, आणि एखाद्या रात्री घरातला कर्ता पुरुषच दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो. मग घरात दोन सल्ले निघतात. एक म्हणतो, "काहीतरी देऊन मिटवून टाका." दुसरा म्हणतो, "प्यालोच नाही म्हणून सांग, कोण सिद्ध करणार?" पहिला मार्ग लाचेचा, दुसरा असत्याचा. एक शील मोडले म्हणून चौथेही मोडावे काय? कायदा समजून घेऊन, खरे न सोडता कोर्टापुढे उभे राहणे हा तिसरा मार्ग आहे. तो आज पाहू.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १८५ येथे लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले आणि तो मनुष्य वाहन चालवत असेल, किंवा चालवण्याचा प्रयत्न करत असेल, तर तो गुन्हा होतो. वाहन म्हणजे केवळ मोटार नव्हे. मोटारसायकल, रिक्षा, कारखान्याकडे ऊस नेणारा ट्रॅक्टर, सर्व त्यात आले.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यापुढील गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेटच्या दंडाप्रमाणे हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. तो कोर्टातच जातो. म्हणून "इथेच मिटवतो" असे कोणी म्हणाला, तर तो दंड मागत नसून लाच मागत आहे हे ओळखावे.

शिवाय पोलीस लायसन्स जप्त करून आर.टी.ओ.कडे पाठवतात. तेथे आपले म्हणणे ऐकून घेतल्यावर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित होऊ शकते. जप्तीची पोचपावती मागून घ्यावी. मात्र त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. रिक्षा हाच ज्याचा धंदा, त्याच्या घरी हे तीन महिने दंडापेक्षा जड जातात. मी शिक्षक आहे. असा प्रसंग घरात आला की मूल वर्गात गप्प बसू लागते. तेव्हा या तीन महिन्यांची तजवीज आधीच, नवरा-बायकोने मिळून करावी.

अटक झाल्यास आपले हक्क

या कलमाखाली अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली पाहिजे. न झाल्यास त्याला कोठडीतून सोडावे लागते. रक्ताचा नमुना नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यावयाचा असतो. तपासणीला विनाकारण नकार देऊ नये. तो नकारच पुढे आपल्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. गुन्हा जामीनपात्र आहे. आणि संविधानाचे अनुच्छेद २२ सांगते की अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेले जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हे मागताना आवाज चढवू नये, आणि मानही खाली घालू नये.

वकिलाला पैसे कोठून आणावे?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. "आम्ही बौद्ध झालो, आता ही सवलत आम्हाला कशी?" अशी शंका नव्या कुटुंबांत हमखास निघते. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचाही समावेश झालेला आहे. जातीचा दाखला घेऊन सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. कोर्टाच्या फाटकाशी गाठ घालणाऱ्या दलालाची गरज नाही.

कोर्टाच्या दिवशी

समन्सवर कोणती कलमे लिहिली आहेत ते आधी वाचावे. १८५ बरोबर दुसरी कलमेही असू शकतात. समन्स, गाडीचे कागद, विम्याचे कागद, लायसन्सची पोचपावती आणि तपासणीच्या अहवालाची प्रत एका पिशवीत ठेवावी. तारीख चुकवू नये. चुकली तर वॉरंट निघू शकते. आरोप वाचून दाखवल्यावर समजला नाही, तर "साहेब, पुन्हा सांगावे" असे म्हणावे. वकिलाशी बोलण्यासाठी वेळही मागता येतो. न समजता दिलेला होकार हा प्रामाणिकपणा नव्हे.

"गुन्हा कबूल नाही" म्हणणे म्हणजे खोटे बोलणे काय?

येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. या शब्दांचा कोर्टातील अर्थ "आरोप सिद्ध करा" एवढाच आहे. १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तोंडाला वास येणे, चाल अडखळणे, बोलणे असंबद्ध असणे एवढ्यावरून मद्यसेवन सिद्ध होत नाही. त्या आरोपीच्या रक्ताची तपासणीच झालेली नव्हती. तेव्हा तपासणी झाली नसेल किंवा आकडा मर्यादेच्या आत असेल, तर पुरावा मागणे हा हक्क आहे. त्यात असत्य नाही. परंतु "गाडी भाऊ चालवत होता" असे सांगणे, शेजाऱ्याला खोटा साक्षीदार करणे, डॉक्टरकडून बनावट दाखला आणणे, हे असत्य आहे. आणि आपण प्यालो होतो, अहवालही रीतसर आहे, असे असेल तर वकिलाशी बोलून सरळ कबुली द्यावी. पहिला गुन्हा आहे, घर एकट्याच्या कमाईवर आहे, हे नम्रपणे सांगता येते. शिक्षा किती द्यावी हे न्यायाधीश ठरवतात.

हे प्रकरण किरकोळ नव्हे

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्य घेतलेल्या तरुणाची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची सक्तमजुरी कायम केली. मेलेले कोण होते? घर सोडून पोटासाठी आलेली माणसे. आपल्या सोलापुरातून पुण्याकडे, हैदराबादकडे आणि विजापूरकडे रात्रंदिवस वाहने धावतात. त्याच रस्त्यांच्या कडेने वारीतली माणसे आणि पाळीवरून सुटलेला कामगार पायी चालतो. ज्याला कोणाला धक्का न लागता केवळ तपासणीत पकडले, त्याने त्या पोलिसाचा राग धरू नये.

कायद्याची रेषा ३० मिलिग्रॅमवर आहे. शीलाची रेषा पहिल्या घोटाच्या आधी आहे. पहिल्या रेषेचा हिशेब कोर्टात एकदा होतो. दुसऱ्या रेषेचा हिशेब रोज संध्याकाळी घरी द्यावा लागतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. पुरावा मागणे आणि खोटे बोलणे यांत कोणता फरक आहे?
२. मोफत वकील मिळवण्यासाठी कोठे जावे, व कोणता कागद न्यावा?
३. आपल्या घरी असा खटला आल्यास मुलांना काय सांगाल?

उत्तरे कुटुंबाने एकत्र बसून काढावीत.

जय भीम.